विश्लेषण : उतारावर ट्रॉलीची पिन शेवटी का काढायची?

उतारावर उभी असलेली दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरच्या ब्रेकवर थांबलेली असते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. पिन निघाली की आधार संपतो आणि उसाने भरलेली, कित्येक टनांची ट्रॉली धावू लागते.

क्रम कसा असावा?

आधी दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे लावावेत. गोल दगड निसटतो. ब्रेक हळूच सैल करून ट्रॉली ठोकळ्यांवर टेकू द्यावी, पुन्हा हँडब्रेक ओढावा. मग दांडीखाली जॅक लावून पिन काढावी.

पिन अडकली तर?

हातोडा मारू नये. पिनवर अजून ताण आहे, हाच त्याचा अर्थ. ट्रॅक्टर किंचित सरकवावा. त्या वेळी मध्ये किंवा उताराच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. जोडताना क्रम उलटा : पिन आधी, ठोकळे शेवटी.