वारणेचे संगणक आणि गावचे अभ्यासक

तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर उभ्या केलेल्या वारणेच्या साखर कारखान्याभोवतालची ७० गावे संगणकांनी जोडण्याचा जो प्रकल्प केंद्र व राज्य शासनाने वारणा समूहाच्या साहाय्याने १९९८ साली हाती घेतला, त्याची कीर्ती तेव्हा देशभर झाली. बाजारभाव, शेतीसल्ला आणि सरकारी दाखले गावातल्या गावात मिळावेत, असा संकल्प होता. प्रत्यक्षात त्या केंद्रांवर गर्दी व्हायची ती उसाच्या कामासाठी. लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, खताची उचल, वजनाचे आकडे यांसाठी. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांनी हे व्यवहार तेथे जाऊन न्याहाळले, आणि सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या लघुसंदेशावर तेच काम स्वल्प खर्चात चालवून दाखविले. यंत्राचे गुणगान बाजूस ठेवून त्याचा उपयोग कोण कशासाठी करतो, एवढेच पाहणारी ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

परंतु या अभ्यासाचा निबंध इंग्रजीत, २००९ साली एका विदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला; ज्यांच्या तो उपयोगाचा, त्यांच्या हाती तो पडणे कठीणच. आमच्या कागलातही शाहू साखर कारखाना आहे, आणि तोड केव्हा येणार ही काळजी येथल्या सभासदालाही तितकीच आहे. संदेश येतो तो ज्याच्या नावावर खाते त्याच्या फोनवर. मग बांधावर राबणाऱ्या त्याच्या कारभारणीला, वाट्याने जमीन कसणाऱ्याला, किंवा मुकादमाच्या मागे बीडहून आलेल्या तोडकऱ्याला त्यातले काय कळते? हे प्रश्न दप्तरातून सुटणारे नव्हेत. ज्याची त्या घरांत ऊठबस आहे, त्यालाच ते सुचतात आणि त्यालाच खरी उत्तरे मिळतात.

याच मातीत १९३५ साली जन्मलेल्या आनंद यादवांनी १९७१ च्या ‘गोतावळा’ कादंबरीत, मळ्यात ट्रॅक्टर आल्यावर जनावरांची आणि नारबा नावाच्या गड्याची काय गत होते, ते मांडले. संशोधनाचे कोणतेही अनुदान पाठीशी नसता यंत्राच्या सामाजिक परिणामाची इतकी जिवंत नोंद क्वचितच झाली असेल. आकड्यांच्या बाजूने धनंजयराव गाडगीळांची वाई तालुक्याच्या शेतीव्यवसायाची १९४० साली प्रसिद्ध झालेली पाहणी आहे; एकाच तालुक्यावर चिकाटीने दृष्टी रोखण्याचा तो उत्तम वस्तुपाठ होय.

कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, निपाणी येथील महाविद्यालयांतून अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना ऊस, तंबाखू व यंत्रमाग यांचे जग परिचयाचे आहे. परंतु इचलकरंजीच्या मागांवर काय घडले हे निपाणीच्या अभ्यासकाच्या कानी जाण्याची कोणतीही तजवीज आज दिसत नाही. १९६२ पासून या इलाख्याचे असलेल्या शिवाजी विद्यापीठाने ती करावी. वर्षातून एकदा या मंडळींना एकत्र बोलवावे, त्यांच्या पाहण्या मराठीत छापाव्यात, आणि वारणेच्या प्रकल्पाचे जे कागद कारखान्याच्या दप्तरांत उरले असतील, ते रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्यावेत.