जुन्या गाडीचे नवे बांधलेले इंजिन आणि हीटरचे पाइप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताथवड्यापासून चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ब्लॉक बोअर करणारे, हेड फेस करणारे आणि रबराचे सुटे भाग पुरवणारे कारागीर व व्यापारी थोड्या अंतरावर सापडतात, त्यामुळे जुनी फियाट, अँबेसेडर किंवा मॉरिस मायनर जपणाऱ्या मालकाला इंजिन नव्याने बांधून घेणे येथे तुलनेने सोपे जाते. मात्र पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे यांवर मनापासून खर्च करणारा मालकही हीटरच्या दोन पाइपांकडे सहसा शेवटच्या दिवशी वळतो, आणि त्या घाईत काही जुने समज निमूटपणे कामात उतरतात.

त्यांपैकी सर्वांत रुजलेला समज असा की पुण्याच्या हवेत हीटरची गरजच नाही, म्हणून इंजिनवरची त्याची दोन्ही तोंडे बंद करून टाकावीत. भारतात विकल्या गेलेल्या त्या काळच्या अनेक गाड्यांत हीटर नसे, यामुळे हा समज बळावला असावा. परंतु हीटर केवळ उबेसाठी नसतो. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना काचेवर आतून धरणारे धुके एसी नसलेल्या गाडीत हटवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे काचेवर सोडलेली गरम, कोरडी हवा. शिवाय हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डखालची ती लहान जाळी, हा एक छोटा रेडिएटरच असल्याने चढावर इंजिन तापू लागले असता हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू केल्यास थोडी उष्णता तेथूनही बाहेर पडते.

याहून महत्त्वाची बाब पाण्याच्या फेऱ्याची आहे. थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणाने उघडणारी झडप असून ती सामान्यतः ऐंशी ते नव्वद अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडते, आणि ती उघडेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जात नसले तरी वॉटर पंप फिरतच असतो. या काळात पाण्याला हेडमधून पंपाकडे परतण्यासाठी जी आडवाट लागते तिला बायपास म्हणतात. मॉरिस मायनर १००० च्या ए-सीरिज इंजिनात पंप आणि हेड यांच्यामध्ये बोटभर लांबीचा स्वतंत्र बायपास होज असतो. हेड बसल्यावर तो बदलणे फार कष्टाचे असते, म्हणून इंजिन उघडलेले असतानाच तो नवा घालणे शहाणपणाचे. काही इंजिनांत मात्र असा वेगळा मार्ग नसून हीटरचा फेराच बायपासचे काम करतो. तेथे तोंडे बंद केली तर गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि हेडच्या एखाद्या कोपऱ्यात वाफ धरते. अशा इंजिनात हीटर काढायचाच असेल तर दोन्ही तोंडे एकाच पाइपाने परस्परांना जोडावीत, आणि आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे त्याच्या मूळ मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे.

दुसरा समज असा की दोन पाइप आणि दोन नळ्या असल्या की कोणताही कोठेही लावला तरी चालतो. साध्या कोअरमध्ये पाणी उलट्या दिशेने गेले तरी उष्णतेत फारसा फरक पडत नाही, एवढ्यापुरते त्यात तथ्य आहे. परंतु पाणी वाहते ते दाबातील फरकामुळे. म्हणून एक पाइप पंपाने ढकललेल्या गरम पाण्याच्या बाजूला, म्हणजे बहुधा हेडच्या मागच्या टोकाला, आणि दुसरा पंपाच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे थेट पंपाला किंवा रेडिएटरच्या खालच्या होजला जोडलेला असावाच लागतो. दोन्ही एकाच बाजूला जोडले गेले तर कोअर पाण्याने भरलेला राहतो, पण गरम होत नाही, आणि दोष नसलेला हीटर निष्कारण उघडला जातो.

पाइप जितका आखूड आणि ताणून बसवलेला तितका नीटस, हा समजही घातक आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते, गाडीचा सांगाडा मात्र स्थिर असतो, म्हणून पाइपाला थोडी सैल लांबी ठेवावी. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंखा आणि पट्टा यांपासून दूर न्यावा, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घालावा आणि वळणावर तो चेपणार असेल तर तयार वळणाचा पाइप वापरावा. रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच कमान मात्र टाळावी, कारण हवा नेहमी सर्वांत उंच जागी अडकते. नव्या इंजिनात पाणी भरताना हीटरची झडप उघडी ठेवली नाही तर हा एअर लॉक जवळपास ठरलेला असतो, आणि तापमापकाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत राहिल्यास काटा खाली दिसत असतानाच हेड तापत असते.

पेट्रोलचा पाइप चालतो, हे म्हणणेही खरे नाही. कूलंटसाठीचा होज सामान्यतः ईपीडीएम या कृत्रिम रबराचा असतो. ते गरम पाणी सोसते, पण तेल लागले की फुगते, तर इंधनासाठीचे नायट्राइल रबर गरम कूलंटने कालांतराने कडक होऊन तडकते. बाहेरून काळाभोर, तुकतुकीत दिसणारा जुना पाइपही विश्वासार्ह नसतो, कारण विद्युत-रासायनिक क्रियेने त्याला आतून, विशेषतः टोकांजवळ, उभ्या चिरा पडतात. इंजिन थंड असताना क्लिपपासून दोन इंचांवर पाइप अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाबून पाहिल्यास मधल्या भागापेक्षा तेथे तो पोकळ, मऊ लागतो. मूळचा म्हणून असा पाइप राखून ठेवणे हे गाडीचे जतन नव्हे.

कूलंट थंड प्रदेशासाठी असते, हा समज पुण्यात विशेष महागात पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या या परिसरात उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते आणि बोअरवेलचे जड पाणी कोअरच्या बारीक नळ्यांत क्षार साठवते. कूलंट उकळबिंदू वाढवते व गंजही रोखते. पाणी लवकर उकळू नये म्हणून रेडिएटरला जास्त दाबाचे झाकण लावणेही चुकीचे, कारण चार किंवा सात पौंडांच्या दाबासाठी डाख दिलेला पितळी कोअर पंधरा पौंडांत फुटू शकतो.

बोअर आणि फेसिंग झालेल्या ब्लॉकमध्ये गंजाचा व लोखंडाचा चुरा उरतोच, म्हणून हीटर जोडण्यापूर्वी ब्लॉक आणि कोअर स्वतंत्रपणे, कमी दाबाने धुऊन घ्यावेत. आणि इंजिन पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक क्लिप पुन्हा एकदा आवळावी, मात्र रबरात रुतेल इतकी नव्हे.