उधारीची वही आणि गोदामातल्या गाठी

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळीला पाटी नसे. दहा बाय दहाची खोली, एका भिंतीला चूल, उरलेल्या जागेत पाळीपाळीने मांडलेली ताटं. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार इथे महिन्याच्या बोलीवर जेवायचा आणि पगाराला पैसे चुकते करायचा. मधला हिशेब खानावळवालीच्या वहीत असे, लिहिता येत नसेल तर तोंडपाठ. संप लागला की पगाराचा दिवस उगवत नसे, पंगत मात्र रोज बसे. संप किती दिवस टिकणार, हे मैदानातल्या सभेइतकंच या खोलीतही ठरायचं.

गेटच्या आत दुसरा हिशेब चालू असे: गोदामात कापडाच्या किती गाठी पडून आहेत? तेजीत माल हातोहात जातो, त्यामुळे साचे, म्हणजे माग, एक पाळी जरी थांबले तरी मालकाच्या खिशाला चाट. मंदीत नेमकं उलटं. न विकलेल्या गाठी छताला टेकलेल्या असताना कामगार आपणहून बाहेर पडला, तर मालकाला टाळेबंदी आयतीच मिळते. मग वाईट दिवसांत संप करावा तरी कशाला? मुंबईच्या गिरण्यांनी या प्रश्नाला एकापेक्षा अधिक उत्तरं दिली आहेत.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत सुरू झालेला बोनस मंदीची चाहूल लागताच मालकांनी थांबवला. १९२४च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार त्यासाठी बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनी परतले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२५पासून, मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. पुन्हा संप झाला. या खेपेला तो डिसेंबरपर्यंत टिकला आणि कपात मागे घेतली गेली. पण ती कशामुळे? लँकेशायरच्या कापडाची पाठराखण करण्यासाठी इथल्या गिरण्यांच्या कापडावर १८९६पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो उठवावा ही मालकांची जुनी मागणी. कर गेला तर कपातही जाईल, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. संप लांबला, सरकारने कर स्थगित केला आणि जुने पगार परत आले. म्हणजे उपाशी राहिला कामगार आणि अर्ज मंजूर झाला मालकाचा. तरीही ती साडेअकरा टक्क्यांची कुऱ्हाड टळली, हे विसरून चालणार नाही. गोदाम भरलेलं असतानाही संप फळला, कारण त्याने मालकापलीकडच्या तिसऱ्याला, म्हणजे सरकारला, हलवलं.

१९२८चा संप सहा महिने चालला. दोन साच्यांवरच्या विणकराला तीन साचे द्यायचे आणि उरलेल्याला घरी पाठवायचं, ही ‘सुधारणा’ त्याच्या मुळाशी होती. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, अर्जुन आळवे यांच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेरीस पन्नास हजारांवर गेली. मार्च १९२९मध्ये सरकारविरुद्धच्या तथाकथित मीरत कटाच्या नावाखाली हे पुढारी पकडले गेले. त्यानंतरचा संप फुटला आणि त्यासोबत युनियनही. जागतिक महामंदी मुंबईवर उतरली तेव्हा मालकांसमोर एकसंध संघटना उरलीच नव्हती. पगार गिरणीगणिक कापले गेले. १९३४च्या संपाला ते परत मिळवता आले नाहीत. दोन्ही वेळा प्रश्न कपातीचाच, कामगारही बरेचसे तेच. १९२५ आणि १९३४ यांमधला मोठा फरक पाठीशी उभ्या असलेल्या बळाचा होता. संप मंदीत होतो, पण त्याचं बळ आधीच्या चांगल्या दिवसांत जमवावं लागतं.

मालक खुद्द सरकार असेल तर? मे १९७४चा रेल्वे संप हे त्याचं उदाहरण. महागाई भडकलेली, जॉर्ज फर्नांडिस पुढारी, सतरा लाखांच्या घरात रेल्वे कर्मचारी. ८ मेला सुरू झालेला संप अटकांच्या आणि बडतर्फीच्या माऱ्याखाली वीस दिवसांत मागे घ्यावा लागला. त्या दिवशीचा निकाल एकच: हार. पण १९७७मध्ये सरकार बदललं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेली माणसं कामावर परतली. १९७९मध्ये बोनसही मिळाला. संपाचा ताळेबंद तो मिटल्याच्या दिवशी मांडला तर चुकतो, तो असा.

१८ जानेवारी १९८२ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा खानावळीचा आणि गोदामाचा, दोन्ही हिशेब बिघडले. मुंबईचे साचे थांबले तरी भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग थांबले नाहीत. गिरण्यांना कापड बाहेरून मिळत राहिलं. दुसरीकडे १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त युनियन म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. सामंतांकडे गर्दी होती, सहीचा अधिकार नव्हता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. १९८३मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. पुढे कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली. ज्याला कारखाना चालूच ठेवायचा नाही, त्याला कारखाना बंद पाडण्याची धमकी कशी द्यायची?

आज देशव्यापी संप एक-दोन दिवसांचे असतात. खानावळवालीने वही उघडण्याआधीच ते संपतात. त्यांना पुरा संप म्हणण्यापेक्षा सरकारला धाडलेली नोटीस म्हणावं. दबाव मतपेटीतून यावा, हा त्यांचा रोख. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सर्वच आस्थापनांना लागू केली आणि सरकारी परवानगीविना कामगार कपात करू शकणाऱ्या कारखान्यांची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेच्या आत नेली. मंदीत पहिला घाव बसतो तो अशाच लहान कारखान्यांतल्या माणसांवर, आणि युनियनची पावती फाडायची भीती सगळ्यात जास्त असते तीही तिथेच.

गिरणगावातल्या खानावळीची गोष्ट मात्र उधारीवरच थांबली नाही. प्रत्येक लांबलेल्या संपाची उधारी ज्यांनी सोसली, त्या बायकांच्या हाती सावकाराच्या व्याजाशिवाय काही उरत नसे. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या दारात नेलं. तिथे ना भोंगा वाजला ना घोषणा झाल्या. १९८२च्या संपाआधीच त्या बायकांनी आपली वही सावकाराच्या हातून सोडवून घेतली होती.