शनिवार पाळणारे तेली : ज्यू परंपरा आणि आजचं जगणं

(शहापूर-मुरबाड भागातील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

ज्यू म्हटलं की आपल्याला इस्रायल आठवतो, हिटलर आठवतो. पण असनगावहून लोकलनं ठाण्याला उतरलात, तर तिथे 1879 साली बांधलेलं सिनेगॉग उभं आहे. त्याचं नाव 'शआर हशमायिम', म्हणजे स्वर्गाचं द्वार. तिथे प्रार्थना हिब्रूत होते आणि बाहेर पडल्यावरच्या गप्पा मराठीत. हे लोक म्हणजे बेने इस्रायल.

त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एवढं मात्र नक्की, की शेकडो वर्षं ही माणसं कोकणातल्या गावांत राहिली, तेलाचे घाणे चालवले, शेती केली. आडनावंही गावांवरून घेतली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. तुमच्यातल्या शहापूरकर-मुरबाडकरांसारखीच.

मग हे वेगळे आहेत हे शेजाऱ्यांना कशावरून कळायचं? शनिवारी घाणा बंद असायचा. म्हणून नाव पडलं 'शनिवार तेली'. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र होईपर्यंत काम करायचं नाही, याला शब्बाथ म्हणतात. धर्मग्रंथ हाताशी नाहीत, धर्मगुरू नाहीत, हिब्रू जवळजवळ विसरलेली. उरलं काय? शब्बाथ, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. म्हणजे बघा, पुस्तक गेलं तरी हाताला लागलेली सवय राहिली.

खाण्याचे नियम आता नीट पाहू. ज्या माशाला खवले आणि पर आहेत तोच चालतो. पावसाळ्यात आपल्याकडे ओढ्याला खेकडे धरायला लोक जातात. ते यांना वर्ज्य. मांस आणि दूध एका जेवणात नाही. मग रस्सा दाट कशानं करायचा? नारळाच्या दुधानं. नियम हजारो वर्षांपूर्वीचा आणि त्यावरचा उपाय परसातल्या माडाचा! शब्बाथला द्राक्षाच्या वाइनवर आशीर्वाद म्हणायचा असतो. वाइन नसेल तर मनुका भिजवून त्यांचं सरबत करतात.

सणांची नावं ऐका. योम किप्पूर हा पापक्षालनाचा कडक उपवास. त्याला म्हणायचे 'दारफाळणीचा सण', कारण दारं लावून घरात बसायचं. जेरुसलेमचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं, त्या शोकाचा दिवस जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतो. त्या काळात मांस खात नाहीत, जेवणात वालाचं बिरडं. म्हणून तो 'बिरड्याचा सण'. भात निघाल्यावर वाल पेरणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि मलिदा! गोड पोहे, वर ओलं खोबरं, भोवती फळं. एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावानं हे ताट मांडतात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात. जगातल्या इतर ज्यूंकडे हा विधी अशा रूपात दिसत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र चित्र पालटत गेलं. कोचीनहून शिक्षक आले, मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. 1832 साली जॉन विल्सन या मिशनऱ्यानं हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. 1874 साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह निघाली. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही झाली. हिब्रू परत आली ती मराठीचा हात धरून.

पण अडचणही तेव्हाच सुरू झाली. घाणा आपला असतो, तो शनिवारी बंद ठेवता येतो. सरकारी नोकरी, रेल्वे, पलटण, गिरणी इथे शनिवार साहेबाचा! अनेकांचा शब्बाथ सुटला, काहींनी तो शुक्रवारच्या संध्याकाळपुरता, दिवा आणि सरबतापुरता जपला. धर्मशास्त्रातही एक सवलत आहे : जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावाच. दवाखान्यातल्या नर्सला तिथे दोष लागत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे 1962 च्या सुमारास धर्मपीठानं विचारलं, तुमची लग्नं शास्त्राप्रमाणे झाली का, वंश शुद्ध आहे का? ज्यांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, त्यांनाच पुरावा मागितला! आंदोलन झालं, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं. इकडे महाराष्ट्र सरकारनं 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

तिसरी अडचण साध्या मोजणीची. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेनं दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायल होते, आज सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार. त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांत इमारत आहे, दिवे आहेत, पण दहा जण जमवणं कठीण. एकट्यानं प्रार्थना करता येते, पण काही भाग दहांशिवाय म्हणताच येत नाही. मृतासाठी म्हणायची 'कद्दिश' त्यातलीच. म्हणजे बापासाठी प्रार्थना करायलाही नऊ शेजारी हवेत.

मला वाटतं, या नियमात परंपरेचं खरं दुखणं आणि बळ दोन्ही आहे. घरातली परंपरा एक कुटुंबही टिकवतं : बिरडं, मलिदा, शुक्रवारचा दिवा. पण काही गोष्टींना गाव लागतं. आपल्याही पाड्यांवरची पोरं कल्याण-भिवंडीला कामाला जातात. सुट्टी मिळेल त्या दिवशी सण करतात, आणि भजनाला टाळकरी जमेनात अशी तक्रार तुम्हीच करता. धर्म वेगळा, हिशेब तोच आहे.

ठाण्याचं सिनेगॉग पाहायचं असेल तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र न्या, डोकं झाका. आणि शनिवारी पाहुणा म्हणून जाऊ नका. तो त्यांचा विसाव्याचा दिवस आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.