आम्लावर कुणाचा अंमल?

माहीत आहे का? आपल्या पोटातलं अ‍ॅसिड भल्याभल्या जंतूंचा फडशा पाडतं, पण एक पठ्ठ्या तिथेच बिऱ्हाड थाटतो! नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात त्याचा मुक्काम असल्याचा अंदाज आहे. बहुतेकांना पत्ताही नसतो.

त्याची ट्रिक भन्नाट आहे. यूरिएज नावाच्या एन्झाइमने यूरियाचा अमोनिया बनवायचा, आजूबाजूचं अ‍ॅसिड निवळायचं आणि शेपट्या हलवत जठराच्या चिकट अस्तरात स्क्रूसारखं घुसायचं. आम्ल पोटाचं, अंमल याचा!

चला ऑस्ट्रेलियाला! पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये बायोप्सीत हे वाकडे जंतू दिसले. मग तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. पण जंतू लॅबमध्ये वाढेचनात! दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट कचऱ्यात जायची. १९८२ च्या ईस्टरला लांब सुट्टी आली, प्लेट्स तशाच राहिल्या आणि जंतू उगवले की! त्यांना फक्त थोडा जास्त वेळ हवा होता.

त्याआधीचा किस्सा तर आणखी मस्त. पोटदुखीने हैराण झालेल्या एका वयस्कर रशियन गृहस्थांना मार्शलनी टेट्रासायक्लिन दिलं. पंधरवड्यात आजोबा टुणटुणीत!

तरी या जंतूंमुळे पोटात अल्सर, म्हणजे व्रण होतात, हे डॉक्टरमंडळींना पचेना. अल्सर म्हणजे टेन्शन आणि अ‍ॅसिड, हेच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग १९८४ मध्ये मार्शलनी काय करावं? जंतूंचा काढा स्वतःच घटाघटा प्यायले! काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी! दुसऱ्या आठवड्यातल्या एंडोस्कोपीत जठराला सूज दिसली. मग अँटिबायोटिक घेतलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल! असं धाडस कुणी करू नये, पण या माणसाला सलाम ठोकावासा वाटतोच.

ग्रीसचे डॉक्टर जॉन लिकूडिस मात्र कमनशिबी. ते १९५८ पासूनच अल्सरवर अँटिबायोटिक्स देत होते. बक्षीस मिळालं? छे, दंड झाला!

आता खरी गंमत. या जंतूंवरच्या अँटिबायोटिक गोळ्या सुरू झाल्यावर पोटात काय होतं, माहीत आहे का? जंतू झपाट्याने घटतात, पण सूज दोन वेगवेगळ्या स्पीडने उतरते. न्यूट्रोफिल्स, म्हणजे हल्ला झाल्यावर पहिल्यांदा धावून आलेल्या पांढऱ्या पेशी, काही आठवड्यांतच काढता पाय घेतात. लिम्फोसाइट्स मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात, कधी वर्षाहून जास्त! जंतू गेले तरी अस्तराची डागडुजी चालूच राहते.

आणि फसवाफसवीही आहे हं! कोर्स संपताच टेस्ट केली, तर रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. जंतू मेलेले नसतात, फक्त दबलेले असतात. म्हणून फुंकर मारून करायची यूरिया ब्रेथ टेस्ट कोर्सनंतर किमान चार आठवडे थांबून करतात. अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्याही टेस्टआधी दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात.

औषधात बिस्मथ असेल तर जीभ आणि शौच काळंकुट्ट होऊ शकतं. घाबरू नका, हा त्याचाच रंग!

अजून एक धक्का: जठराचा ‘माल्ट लिम्फोमा’ नावाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर बऱ्याच रुग्णांत निव्वळ अँटिबायोटिक्सनी ओसरतो. हे १९९३ मध्ये दिसलं. कॅन्सरला अँटिबायोटिक, ऐकलं होतं कधी?

जाता जाता टाइम-ट्रॅव्हल! आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ नावाच्या गोठलेल्या माणसाच्या पोटातही हाच जंतू निघाला. २०१६ मध्ये त्या जंतूचा जीनोम जुळवला, तर त्याचे जवळचे नातलग आजच्या युरोपात नाही, मध्य आणि दक्षिण आशियात सापडले. म्हणजे आपल्याच शेजारपाजारी!

तर मंडळी, डॉक्टरांनी चौदा दिवसांचा कोर्स दिला, तर चौदाच दिवस घ्या. पाचव्या दिवशी पोट शांत झालं म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकू नका. अर्धवट कोर्समधून वाचलेले जंतू औषधाला दाद न देणारे निघू शकतात आणि पुढची लढाई अवघड होते. महिन्याभराने टेस्टही जरूर करून घ्या!