छायाचित्रांचे नामकरण

दत्तक्षेत्र असल्याने गाणगापूर परिसरात मुलांची नावे ठेवताना पालकांना फारसा विचार करावा लागत नाही. दत्ता, श्रीपाद, नरसिंह यांतच अनेकांचे समाधान होते. श्रद्धेच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु त्यामुळे माझ्या संगणकाची एकदा मोठी फसगत झाली. खरे तर फसगत माझीच, संगणकाने सांगितले तेवढेच केले.

मुडदूस झालेल्या दोन वर्षांच्या एका बालकाच्या मनगटाचा एक्स-रे मी मोबाईलवर टिपून ‘दत्ता मनगट’ या नावाने ठेवला होता. ड जीवनसत्त्वाचे उपचार चालू असताना तुलनेसाठी दुसरा काढला आणि सोलापूरच्या अस्थितज्ज्ञ मित्राकडे पाठविला. हाडांची टोके स्वच्छ दिसत होती. आता औषध थांबवावे, असेही मी सोबत कळविले. त्याचा तत्काळ फोन आला, “अरे, या मनगटात सात लहान हाडे दिसतात. मूल नक्की दोन वर्षांचे आहे ना?” त्या वयात अशी दोन-तीनच हाडे दिसतात; सात म्हणजे मूल सात-आठ वर्षांचे. झाडावरून पडलेल्या दुसऱ्याच दत्ताचा तो एक्स-रे होता. माझ्या रुग्णाची हाडे अद्याप भरून यायची होती.

तेव्हापासून मी फाईलच्या नावातून रुग्णाचे नाव काढून टाकले. त्याने गोपनीयताही राखली जाते. आता नाव असते ते असे : ‘२०२४-०६-०९_०४१७_मनगट_डावे_१’. प्रथम तारीख, मग केसपेपरचा क्रमांक, अवयव, बाजू आणि शेवटी अनुक्रम. वर्ष आधी लिहिण्याचे कारण साधे आहे. संगणक नाव डावीकडून वाचतो. दिवस आधी लिहिल्यास सर्व महिन्यांच्या एक तारखा एकत्र गोळा होतात. जून हा ‘६’ न लिहिता ‘०६’ लिहावा. तारखेत तिरकी रेघ विंडोज स्वीकारीत नाही, म्हणून आडवी रेघ. एक्स-रे टिपताना त्यावरील डावे-उजवे दर्शविणारे अक्षर चौकटीत यावे. छायाचित्र उलटे झाल्यास तेवढाच आधार उरतो.

गावांच्या नावाने फोल्डर करण्याचा मोह मात्र टाळावा. माझे जुने फोल्डर ‘गुलबर्गा’ आहे, २०१४ नंतरचे ‘कलबुर्गी’. शिवाय गाणगापूर कोणी देवल गाणगापूर लिहितो, कोणी गंगापूर, आणि त्या नावाचा तालुका तर मराठवाड्यातही आहे.

कॅमेऱ्याने दिलेल्या नावावरही विसंबू नये. त्यातील क्रमांक बहुधा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. दोन निराळ्या चित्रांना एकच नाव मिळते आणि नकलताना एकावर दुसरे बसते.

पालकांनीही लसीकरणाच्या कार्डाचे छायाचित्र काढल्यावर त्याच दिवशी त्यास तारखेसह नाव द्यावे. व्हॉट्सॲपवर ते ‘फोटो’ म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तसे केल्याने दिलेले नाव टिकते आणि लसीच्या बारीक तारखा आम्हाला चष्मा न बदलता वाचता येतात.