शयनगाडीतील रात्र

श्रोतेहो, आमच्या मालेगावास आगगाडी नाही. ती धरण्यास वाशीम गाठावे लागते. तरी आज अमेरिकेतील शयनगाडीविषयी बोलतो. पंडिता रमाबाई १८८६ साली तिकडे गेल्या, तेव्हा जॉर्ज पुलमन यांचे शयनडबे तेथे रूढ झालेले होते. समोरासमोरची दोन आसने रात्री एकमेकांकडे ओढली की खालचे अंथरूण सिद्ध होई. वरचा पलंग छताजवळून खाली उतरे. बाजूस जाड पडदा. युक्ती खरोखर नामी! पण अंथरूण घालणारा कृष्णवर्णी सेवक निजे कोठे? बहुधा धूम्रपानाच्या खोलीतील कोचावर, तेही तीन-चार तास. प्राप्ती बरीचशी बक्षिसीवर. आणि पुष्कळ उतारू नाव न विचारता त्यास मालकाच्या नावाने, 'जॉर्ज' म्हणून, हाक मारीत. १९२५ साली या सेवकांनी आपला संघ स्थापिला. कंपनीने त्याच्याशी करार केला तो बारा वर्षांनी, १९३७ साली.